ताश्कंदचा ठराव

रवि. २ मार्च २००८, हाउन्सलो, लंडन

आज जेवणाआधी काय झालं:
१. घरमालक इब्राहिमचाचांनी (वय ७८, मूळ रत्नागिरीकडचे) ठराव मांडला: एप्रिलमध्ये एकटेच ताश्कंदला जाणार.
२. बाजूने चाचा-चाची. विरुद्ध त्यांची मुलगी शाहिदा. "अब्बा, बायपासला वर्षसुद्धा झालं नाही!"
३. मी तटस्थ. भाडेकरूने कशाला मध्ये पडायचं?
४. या घरात जो जेवतो तो मत देतो, आणि निम्म्याहून जास्त हात लागतात. चारात दोन. ठराव पडला. माझ्यामुळे.

चाची: "मला जरा शांतता मिळणार होती. घालवलीस."

मंगळ. ४ मार्च

ऑफिसातून आल्यावर विचारलं, ताश्कंदच का? चाचांनी आधी चहा टाकला.

त्यांचे वडील जहाजावर खलाशी. इंग्रज तुर्कांचं राज्य मोडतायत, खलिफाला वाचवायला हवं, म्हणून १९२० साली निघाले. काबूलपर्यंत पायी. पोचले मात्र ताश्कंदला. तिथे नमाजही चालू, रशियन क्रांतीचे वर्गही. एका हॉलमध्ये, सभेत हात वर करून, आयुष्यातलं पहिलं मत दिलं.

"बॅरिस्टरचा हात एक, खलाशाचाही एकच. पोरी, त्यांना वाटलं, आता हिंदुस्थानही असाच होणार."

परतल्यावर इंग्रजांनी तुरुंगात टाकलं. घरात मतदान सुरू केलं ते सुटून आल्यावर. "आणि मी त्याच इंग्रजांच्या बसगाड्या चालवल्या!" दोघंही पोट धरून हसलो.

तो हॉल अजून आहे का?

"नसला तर मोकळ्या जागेत हात वर करीन."

रवि. ९ मार्च

ठराव पुन्हा. शाहिदाची उपसूचना: सोबत कोणीतरी हवं. "मला एअरपोर्टवरून सुट्टी मिळणार नाही." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

सगळे तपशील वाचल्याशिवाय मी कशालाच हो म्हणत नाही. आज म्हटलं. चारात चार.

चाचींनी गाजराचा पुलाव वाढला, त्यांच्या सासऱ्यांनी ताश्कंदहून शिकून आणलेला. शाहिदा: "गोळ्यांचं तू बघायचं हं!" चाचा टेबलावर ठेका धरून गात होते. बेसूर. थांबवावंसं वाटलं नाही.

सोम. १० मार्च

आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज नेमकं त्याच आठवड्यात. मॅनेजर पीटरला मेल. रजेचं कारण नेहमी 'पर्सनल' एवढंच लिहिते. आज लिहिलं:

"एका खलाशाने पहिलं मत दिलं ती जागा बघायला, त्याच्या मुलाबरोबर जायचं आहे. २१ एप्रिलपासून दहा दिवस रजा हवी. माझं टेस्टिंग आधी संपवून देईन. हो की नाही, ते शुक्रवार १४ मार्चपर्यंत कळव."