आजचा दिवस राहा की

मामी, तुला जाऊन बरीच वर्षं झाली. तुझ्या घरापुढच्या कांद्याच्या वावरात आता गोदामं उभी आहेत, आणि तिथून दहा मिनिटांवरच्या हॉटेलची मी मॅनेजर आहे. चाकणच्या कंपन्यांत कामाला आलेले साहेब लोक आमच्याकडे उतरतात. खोल्या काय, सगळीकडे सारख्याच. पाहुण्यांना घरच्यासारखं वाटेल असं काहीतरी सुचवा, असं मालक म्हणाले आणि मला तू आठवलीस. मे महिन्यात आई माहेरपणाला यायची, आम्ही पोरं तिच्याबरोबर. निघायच्या दिवशी आम्ही नवे कपडे घालून बसलेलो, आणि तू पदराला हात पुसत दारात येतेस. "आजचा दिस ऱ्हावा की, वन्सं. यष्टी काय उद्या न्हाई व्हय?" आई हो-नाही करते, तोवर आम्ही चपला काढून परसात पळालेलो असतो.

तेच मी हॉटेलात आणलं. खोली सोडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात शेंगदाण्याचे लाडू द्यायचे, दारापर्यंत जायचं आणि म्हणायचं, "आजचा दिवस राहा की." हे काम मी नाश्ता बघणाऱ्या बाईंना दिलं, कारण त्या इथल्याच, बोलणं थेट तुझं. मागच्या महिन्यात त्यांची नर्सिंग शिकणारी मुलगी दोन दिवसांसाठी घरी आली. बाईंनी रजा मागितली. मी म्हटलं, "मोठा ग्रुप उतरलाय हो, परवानंतर घ्या." त्या म्हणाल्या, "परवा ती जानार, मॅडम." मी कॉम्प्युटरकडे बघत राहिले. मुलगी गेली त्या सकाळी बाई एका पाहुण्याला दारात नेहमीचं वाक्य म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. मी पाणी घेऊन गेले, तर म्हणाल्या, "लेकीला येवढं म्हनाया बी घरी नव्हते बघा." पाहुण्याने मात्र इंटरनेटवर भरभरून लिहिलं, की निरोप देताना डोळ्यांत पाणी येणारी माणसं इथे आहेत. मालकांनी पेढे वाटले.

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. माझी आई तुझ्याकडे माहेरपणाला यायची, मग तुझं माहेरपण कधी व्हायचं गं? सगळी सुट्टी आम्ही तुझ्या चुलीवर काढायचो, वर एक दिवस तूच वाढवायचीस. तुझं माहेर तळेगावच्या पलीकडे, काही फार लांब नाही. तुला तिकडे जाताना मी एकदाही पाहिलं नाही. आई म्हणायची, "तिला माणसांची भारी हौस." आम्हाला ते सोयीचंच होतं. तुझी माया खोटी होती असं मी म्हणत नाही. पण ती उचलून मी दुसऱ्या बाईच्या कामाच्या यादीत टाकली, आणि याची मला लाज वाटते.

बाईंची माफी मागायला दोनदा स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि साखर किती उरली ते विचारून परत आले. तुला लिहिणं त्यापेक्षा सोपं, तू उलट काही विचारणार नाहीस. हे कुठे पाठवायचंही नाही, म्हणून सांगते. त्या पाहुण्याने जे लिहिलं, ते मी माझ्या बढतीच्या अर्जाला जोडलंय. अर्ज अजून मागे घेतलेला नाही.