नऊ नंबरची टेप

३ मार्च, सोमवार

पुन्हा तेच! टेप लिहून झाली, हिरवा दिवा, सगळं गोड. पडताळणीला लावली की नारिंगी दिवा लुकलुकायला लागतो. सफाईची टेप तीनदा फिरवली. केबल बदलली. मग वैतागून जुनीच परत लावली. बुटाच्या खोक्याएवढा डबा, पण रुग्णवाहिका कक्षात दिवसभर आलेले सगळे फोन रोज चार वाजता त्याच्याच पोटात जातात. डिस्कवर दोन दिवस राहतात, टेपवर महिनाभर. मग त्याच टेपवर नवे.

साहेब दारातूनच म्हणाले, "एका डब्यानं तुमच्या नाकी नऊ आणले की हो!" हसले आणि गेले. कामाला मात्र मीच!

४ मार्च, मंगळवार

चाचणीसाठी हाताला आली ती टेप वाचायला लावली. नऊ नंबरची. रजिस्टरप्रमाणे तिच्यावर दोनशे बारा फोन. यादीत आले दोनशे तेरा.

जास्तीचा फोन दोन वर्षांपूर्वीचा. एक्केचाळीस सेकंद. नंबर आमच्या जुन्या घरचा.

उघडला नाही. मशीन बंद करून घरी आले. जेवण गेलं नाही.

५ मार्च, बुधवार

ऐकला.

आधी नुसता श्वास. मग कक्षात फोन घेणाऱ्या मुलीचा आवाज, "हॅलो? बोला. ऐकू येतंय का?" मग खोकला. हा खोकला मी झोपेतसुद्धा ओळखीन. बाबांचा.

इथे तरी खरं लिहिते. त्या दिवशी बाबांनी मला तीनदा फोन केला. मी तिन्ही वेळा कापला. आदल्या दिवशी कडाक्याचं भांडण झालं होतं. एकटं राहू नका म्हणत होते मी, आणि ते म्हणाले, "तुझं काम बघ." म्हणून कामच बघत होते! मग त्यांनी इथल्या कक्षाला फोन लावला. रजिस्टरमधली नोंद: ४१ सेकंद, बोलणं नाही, बंद केला. संध्याकाळी शेजाऱ्यांचा निरोप आला.

तेव्हा तो फोन ऐकायची हिंमत झाली नाही. झाली तोवर त्या टेपवर नवे फोन चढले होते. तेव्हापासून एकच प्रश्न डोकं खातोय. त्यांना गाडी हवी होती, की मी?

६ मार्च, गुरुवार

परत वाचली. त्याच फोनची लांबी आता अठ्ठावन्न सेकंद.

रजिस्टर पुन्हा काढून पाहिलं. एक्केचाळीसच! माझा चष्मा ठीक आहे.

७ मार्च, शुक्रवार

दुरुस्तीवाला आला. डोळ्याला भिंग लावून बारीक स्क्रू फिरवतो म्हणून आम्ही त्याला सोनार म्हणतो. तासभर खुडबुड केली.

"मॅडम, हेड सरकलंय. लिहितं एका जागी, वाचतं जरा बाजूला. कडेला जुनं काही पुसायचं राहिलं असेल, तर ते उचलतंय."

"चोवीस वेळा वर लिहिल्यावरही?"

खांदे उडवले. "तसं व्हायला नको खरं तर."

हेड सरळ केलं की या जुन्या टेपा वाचता येणार नाहीत, हेही म्हणाला. "पण पुढचं तरी नीट राहील. आत्ताच करू का?"

नाही म्हणाले. साहेबांची मंजुरी यायचीय, म्हणून सांगितलं. सपशेल खोटं. मंजुरी कालच आलीय.

१० मार्च, सोमवार

एक मिनिट पस्तीस. शेवटी खुर्ची सरकवल्याचा आवाज आणि बाबा: "अहो, ऐका, मला—" तिथेच तुटतं.

ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तू रजा घे बघू. आणि ते परत ऐकू नकोस. जाऊ दे ना आता त्यांना." ती मोठी आहे, तिला सगळं असं झटकता येतं. मी चिडून फोन ठेवला. मग वाईट वाटलं.

१२ मार्च, बुधवार

सोनाराचे दोन फोन. उचलले नाहीत.

दोन मिनिटं दहा सेकंद. "मला माझ्या मुलीसाठी—" मुलीसाठी काय? काय, बाबा?

१३ मार्च, गुरुवार

आज एक बाई आली. सोबत कुणी नाही, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत नवऱ्याचे कागद. तो सोमवारी गेला. शेवटचं बोलणं आमच्याच कक्षाशी. "एकदा ऐकवा. काय म्हणाले तेवढंच कळू दे."

डिस्कवरून आज सकाळीच पुसलं गेलेलं. सतरा नंबरची टेप लावली. नुसती खरखर. तीनदा लावली. ती खुर्चीच्या कडेवर बसून होती. शेवटी मलाच म्हणाली, "असू द्या. तुम्ही तरी काय करणार?"

मी काय करणार! सोनाराला त्या शुक्रवारी नाही म्हणाले नसते, तर तिच्या नवऱ्याचा आवाज आज होता. शरमेनं मान वर होईना. तिला हे सांगायचं धाडस झालं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

सोनाराला सोमवारी बोलावलं. नऊ नंबर शेवटची लावली. परत एक्केचाळीसच सेकंद. श्वास, "हॅलो?", खोकला. बस.

रागावलात का?

१७ मार्च, सोमवार

हेड सरळ झालं. पडताळणी पहिल्या झटक्यात पार. नऊ नंबर लावून पाहिली — कोरी असल्यासारखी. सोनार म्हणाला, "सांगितलं होतं ना मॅडम." जिन्यात जाऊन रडून घेतलं.

१८ मार्च, मंगळवार

नवी टेप. सील मी स्वतः फोडलं. चार वाजता लिहिली, पडताळली. एकशे नव्वद फोन हवेत. एकशे एक्क्याण्णव.

जास्तीच्या फोनवर तारीख आजची. वेळ रात्रीची, आठ वाजून दहा मिनिटं. मी ऐकला तेव्हा साडेचार वाजले होते.

बाबाच. आवाज अगदी खणखणीत. "माझ्या मुलीसाठी गाडी पाठवा. छातीत दुखतंय तिला." मग पत्ता. माझ्या या घराचा! हे घर मी बाबा गेल्यावर घेतलंय. "तिसरा मजला. लिफ्ट लहान आहे, स्ट्रेचर जिन्यानंच आणा. दार उघडं ठेवायला सांगतो तिला. माझं ऐकत नाही ती, पण सांगतो."

आता पावणेआठ झालेत. मला काहीसुद्धा होत नाहीये. अगदी ठणठणीत आहे मी.

उठले. कडी काढून आले.