सहाची बारा वर्षं

सोमवार, ४ मार्च
दादाच्या खोलीवर गेले होते. तो वहिनीला म्हणाला, "पुढच्या सोमवारपासून पोर माझ्याबरोबर खाली येईल." खाली म्हणजे खाणीत. पोर सात वर्षांची! अजून दुधाचे दात पडतायत.

आणि म्हातारा, म्हणजे आमचा बाप, भिंतीला टेकून मूग गिळून बसलेला. माझ्या वेळी बरी जीभ चालली होती — "साहेब, बारा पूर्ण आहेत, अंगानं बारीक आहे हो!" मी सहाची होते. कमरेला पट्टा, पायांमधून साखळी, नि मागं कोळशाची गाडी. गुडघ्यांवर रांगत ओढायची. आठ वर्षं ओढली.

मंगळवार, ५ मार्च
म्हाताऱ्याशी बोलले नाही. नवीन काय त्यात! दहा वर्षं झाली.

गुरुवार, ७ मार्च
सरकारी साहेब चौकशीला आलाय. शाळेत बसतो. खाणीत पोरं किती, कोणत्या वयाची, विचारतो. मुकादम लगेच चाळीत फिरला — "जो तोंड उघडेल त्यानं संध्याकाळच्या आत कंपनीची खोली सोडायची."

मी शिवण करते, शिंपीणबाईंच्या मागच्या खोलीत राहते. मला कोण काढणार? मी जाणार साहेबांकडे.

शुक्रवार, ८ मार्च
दादा येऊन भांडला. "आमच्या पोटावर पाय देऊ नकोस! आपण नाही का गेलो खाली? मेलो का?"

मी पाठ फिरवून उभी राहिले. माझं कुबड बघायला लावलं त्याला. "नाही मेले. बघ नीट."

पाय आपटत गेला. जाऊ दे!

शनिवार, ९ मार्च
शाळेतून आल्या आल्या लिहिते.

सगळं सांगितलं साहेबांना. मॅनेजर शेजारीच खुर्ची टाकून बसलेला, हसत. खाणीची जुनी नोंदवही उघडून म्हणाला, "बाई खोटं बोलते. हे बघा, वय बारा. खाली बापाचा अंगठा." साहेबांनी लेखणी खाली ठेवली. वाटलं, संपलं.

तेवढ्यात दारातून आवाज आला — "अंगठा माझा. वय खोटं." म्हातारा! टोपी हातात चुरगाळत आत आला.

मॅनेजर ओरडला, "शुद्धीवर आहेस का रे?"

"आज आहे."

मग एकेक सांगत गेला. कुणाकुणाची पोरं, कुणी वय वाढवायला लावलं. मुकादमाचं नाव घेतलं. साहेब लिहीत राहिले.

मला रागच आला! आता सांगून काय, पाठ सरळ होते माझी? बाहेर आल्यावर तो माझ्याकडे बघत होता. मी बघितलं नाही.

रविवार, १० मार्च
शिंपीणबाई सांगत होत्या, दादानं म्हाताऱ्याला घराबाहेर काढलं. मुकादमासमोर म्हणाला, "हा आमचा कुणी नाही." खोली वाचली. पोर उद्या खाली जाणार म्हणे. साहेबांचा कायदा येईल तेव्हा येईल!

म्हातारा कुठं गेला, कुणाला ठाऊक नाही. मीही विचारलं नाही.

सोमवार, ११ मार्च
उजाडताना दार वाजलं. तोच. कडेवर पोर, अजून झोपेत. "तुझा दादा पाणी भरायला गेला तशी उचलून आणली. हिला ठेवून घे. मी निघतो."

म्हटलं, "निघता कुठं? आत या, बाबा."

दादा येईलच. येऊ दे! कडी घातलीय, आणि आत आम्ही तिघं आहोत.