टँकरचा हॉर्न

बुधवार, २१ फेब्रुवारी १९७३

रविवारी संगमनेरला तालुक्याच्या शर्यती, म्हणून आज मुलींना शेवटचं पळवून बघणार होते. शिट्टी तोंडात धरली आणि वेशीवर पाण्याच्या टँकरचा हॉर्न वाजला. पोरींनी मैदानाच्या कडेचे आपापले हंडे उचलले आणि सुटल्या. कौसा सगळ्यांच्या पुढे. माझ्या शिट्टीवर इतकी जोरात कधी पळाली आहे का ती?

दिवेलागणीला तिची आई भरलेली घागर घेऊन माझ्या दारात. "बाई, तुमी पळायला शिकवलं म्हनून आमचा नंबर पयला लागतो. रविवारी टँकर हाय, पोरगी न्हाई यायची."

रागवायचं तरी कुणावर? शिट्टी अजून गळ्यातच होती. तिनं अर्धी घागर माझ्या हंड्यात ओतली. ती वळायच्या आत मी तांब्या बुडवून तोंडाला लावला.