साडेअकरा फूट सरळ पाइप

३ तारीख, सोमवार
स्वयंपाकघराची पाण्याची लाइन आज पूर्ण. एकट्याने केली. प्लंबर भिंतीवरून वळसा घालून बावीस फूट आणि वळणांना सहा एल्बो सांगत होता. मी घरामागच्या गटाराच्या चेंबरमधून सरळ काढली. साडेअकरा फूट, एल्बो शून्य. एक जॉइंट चेंबरच्या आत आला, त्यावर टेपचे सात वेढे. प्लंबर म्हणाला, काका, घरात लहान मूल आहे. म्हटलं, म्हणूनच तुझ्यावर सोपवलं नाही.

७ तारीख
सकाळी नळ आला की पहिल्या बादलीला वास. नव्या पाइपचा असतो. वाचलेलं आहे.

१२ तारीख
नातीला जुलाब. वय दीड वर्ष, दिसेल ते तोंडात. हात धुण्याचे चौदा नियम तयार करून भिंतीवर लावले. सूनबाईंनी विचारलं, बाबा, धुवायचे कुठल्या पाण्याने? प्रश्नाचा रोख कळला नाही.

१५ तारीख
जुलाब चालूच. संशयित : समोरची कचराकुंडी, शेजारणीची मांजर, रबरी बदक. बदक वीस मिनिटं उकळलं. चपटं झालं. ही म्हणाली, बदकाऐवजी पाणी उकळलं असतंत तर. हिला टोमणे सुचतात, शास्त्र नाही.

१८ तारीख, सायं. ५.४०
रोजची कुरकुर नको म्हणून सगळ्यांसमोर नळाचं पाणी दोन ग्लास प्यायलो. ठणठणीत. विषय संपला. सूनबाई आत गेल्यावर नातीनेही हात पुढे केला. अर्धी वाटी दिली.

१९ तारीख, सकाळी ६.१०
नात आज रडत नाही. सुधारणा आहे. ही म्हणते, रडतेच आहे, डोळ्यांतून पाणी येत नाही. रिक्षा बोलावली.

२० तारीख
सलाईन. वजन साडेनऊ किलो होतं, आठ भरलं. चिरंजीवांनी प्लंबरकडून चेंबर उघडून घेतलं. नळ गेला की रिकामा पाइप जॉइंटमधून गटारातलं आत ओढतो, असं तो त्यांना समजावत होता. दोघांनीही माझ्याकडे बघितलं नाही. टेपचे दोन वेढे शिल्लक होते.

२२ तारीख
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून दोन दिवस काही सांगता येणार नाही. सूनबाई वॉर्डाच्या दारात उभ्या, मला आत जाऊ देईनात. आवाज न चढवता म्हणाल्या, बाबा, घरात आणखी काय काय तुम्ही स्वतः केलंय ते सगळं लिहून द्या. तोवर मी बाळाला त्या घरात नेणार नाही.
यादीला बसलो आहे. विजेच्या जोडण्यांतच पहिलं पान भरलं. आता गॅसच्या नळीपाशी आलो.