मामाजानच्या गाडीविषयी लहान तोंडी मोठा घास

आदरणीय मामाजान हाजी सफर,

आपली सावली आमच्या डोक्यावरून कधी कमी न होवो. आपल्या मोटरसायकलच्या क्लचची वायर, ब्रेकचा दांडा, पुढचा मडगार्ड, आरशाची चौकट, सगळं मी माझ्या हातांनी बनवलं (कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, हे आपण जाणताच, ब्रेकचा दांडा तर मूळच्यापेक्षा सरळ आहे). गुडघा कसा आहे?

त्या दिवशी मी डाळिंबं न्यायला आलो नव्हतो, ते निमित्त होतं. सोघरामामींनी आणि झाडून साऱ्या भाचरांनी मला धाडलं होतं, की मामांना नीट दिसत नाही, मोटरसायकल सोडा असं सांग. सांगण्यात काय आहे! त्याच सकाळी मी जावयाला, कामबीझला, सांगितलं होतं, "गाढवा, तुझी गाडी ठेव, बसने जा." "आपला हुकूम, बाबाजान," म्हणाला (आणि गाडीनेच गेला, ते सोडा).

पण आपल्यासमोर? चहा झाला, टरबूज झालं, मग मी धीर केला. "मामाजान, धृष्टता माफ, पण हल्लीचे रस्ते आपल्यासारख्या स्वाराच्या लायकीचे राहिले नाहीत." आपण मांडीवर थाप मारलीत. "शाब्बास! हे तुझ्या मामीला सांग!" मामी दाराआडून खाकरल्या. मी घास आणखी मोठा घेतला, "गाडीने आपली इतकी सेवा केली, आता तिलाही जरा विसावा..." "उभी राहून गंजतेय बिचारी, खरंय," आपण म्हणालात, "चल, बस मागे!" आपण बस म्हटल्यावर मी उभा कसा राहणार? बागेच्या वळणावर मी ओरडलो, "मामाजान, आपली परवानगी असेल तर, डावीकडे पाट असावासा वाटतो!" वाक्य पुरं होईतो आपण दोघं गाडीसकट पाटात होतो. कामबीझ चालवत असता तर "पाट!" एवढ्यावर भागलं असतं.

मामींना सलाम.

आपल्या पायांची धूळ,
नासेर

ता.क. गाडी कधीच दुरुस्त झाली आहे. मी देणार नाही. मामाजान, आपल्याला दिसत नाही. (हे लिहून मी अंगणात जाऊन आलो. तरी खोडवत नाही.) बागेत मी नेईन, रोज. मागे बसा आणि मला हवं तितकं गाढव म्हणा.

आणखी एक ता.क. काल यझ्दहून एक वकील गाडी विकत मागायला आला. ब्रेकचा दांडा पाहून त्याने आपणहून भाव वाढवला. मामाजानची गाडी विकाऊ नाही, म्हणालो. नव्या गाडीएवढे, चार कोटी तुमान देत होता, रोख.