आपिंगचे दात

नॉम पेन्ह, ६ जून २००४

ती. थावरीआत्यास, शि. सा. न. वि. वि.

तू मला ओळखणार नाहीस. मी तुझ्या निमोलची मुलगी, मालिया. तान्ही असताना तू मला मांडीवर घेतलं होतंस म्हणे. मला आठवत नाही, पण धरून चालते.

मला आपिंग पाळायचा आहे, तुमच्याकडच्या बिळांतला तो मोठा केसाळ कोळी. आई शी म्हणाली, आजोबा हसले, पण बाबा हो म्हणाले. आता कुठला घ्यावा ते ठरत नाही. माझ्या पुस्तकात एक निळा आहे, ब्रह्मदेशाकडचा, बघत राहावं असा, पण भारी रागीट. एक गुलाबी केसांचा, समुद्रापलीकडचा, अगदी गरीब गाय. बाजारातला दुकानदार ते दोन्ही मागवून देतो म्हणतो. तिसरा आपला काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला.

बाबा म्हणाले, तू आपिंग पाळतेस, टबभर आहेत, दिवसभर त्यांच्यातच असतेस. मग तुझा सगळ्यात लाडका कुठला? त्यांना नावं ठेवतेस का? खायला काय घालतेस?

पत्र टॅक्सीवाल्याकडे देतेय. आशीर्वाद असू दे आणि उत्तर लवकर दे.

तुझी मालिया

स्कुऊन, ९ जून

चि. निमोल यास, अ. आ. (नेहमीचेच, पण आज रागाने.)

माझ्याकडे टबभर आहेत हे तू खरं सांगितलंस. टबातून ते कढईत जातात एवढंच सांगायचं राहिलं वाटतं. पोर विचारतेय, त्यांना खायला काय घालतेस. काय लिहू, लसूण, मीठ आणि साखर?

बस थांबली की मी परात डोक्यावर घेऊन खिडक्यांखाली धावते. आजवर मला त्यात कमीपणा वाटला नाही. काल एका गाडीच्या खिडकीत शहरातली मुलगी दिसली आणि मी परातीवर फडकं ओढलं. ती मालिया नव्हती. असती तरी मला कुठे कळणार होतं? या वयात मला माझ्याच परातीची लाज वाटायला लावलीस.

तिला खरं काय ते तू सांग, नाहीतर मी सांगते. प्रकृतीला जप.

तुझी ताई

नॉम पेन्ह, १३ जून

ती. ताईस, सा. न.

तुझं पत्र कचेरीत लपून वाचलं, यातच काय ते समज.

सासऱ्यांच्या घरात राहतो. जेवताना आपल्या स्कुऊनचं नाव निघालं की सगळे कोळीखाऊ म्हणून हसतात, आणि त्यांच्याबरोबर मीही हसतो. त्या दिवशी पोरीनं भर पंगतीत विचारलं, आत्या काय करते. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि तोंडातून निघून गेलं, आपिंग पाळते. तुझ्या परातीच्या पैशावर शिकलो हे विसरलेलो नाही, म्हणूनच तुला तोंड दाखवायला जागा उरली नाही.

एवढ्या वेळी सांभाळून घे. एक चांगला आपिंग पाठव, दोन गोड शब्द लिही. पुढचं मी बघतो. मी बघतो म्हणालो की काय बघतो ते तुला माहीत आहे, तरी म्हणतो.

माया कमी करू नकोस.

तुझा निमोल

स्कुऊन, २० जून

चि. मालियास, अनेक आशीर्वाद आणि एक पापा.

निळ्याचा नाद सोड. दिसायला राजा, पण वागायला लहानपणीच्या तुझ्या बापासारखा, हात लावला की उसळणार. गुलाबीवाला गरीब असेल, पण परक्या मुलखातला, त्याला आपली हवा सोसेल न सोसेल. आपलाच घे.

बिळं खणणारे टब घेऊन आले तेव्हा सगळ्यांच्या आधी बसून मी तुझ्यासाठी एक निवडली. मादीच घेतली, नर लवकर मरतात. पोट भरलेलं, पट्टे ठसठशीत, आठही पाय शाबूत. शेजारच्या बायका म्हणाल्या, थावरी नवरी बघायला बसलीय. लाडकी कुठली विचारलंस ना, तर हीच. याआधी कुठली नव्हती.

मातीचा थर जाड दे, ती बीळ करील. चावण्याची भीती बाळगू नकोस, त्याची व्यवस्था मी केली आहे. खाण्याचं म्हणशील तर पुस्तकात लिहिलंय तेच घाल, पुस्तक बरोबरच सांगत असेल.

डबा टॅक्सीत आडवा होऊ देऊ नका म्हणून सांगितलं आहे. सुखी राहा.

तुझी आत्या

नॉम पेन्ह, ११ जुलै

ती. आत्यास, शि. सा. न.

तिचं नाव कोलाप ठेवलं. वर्गातल्या मुली बघायला येतात आणि घाबरतात, मला फार मजा वाटते.

पण आत्या, ती जेवत नाही. रातकिडा सोडला की झडप घालते, पायांनी आवळून धरते, आणि थोड्या वेळानं तो तसाच सुटून जातो. काल तर एक रातकिडा तिच्या तोंडावरून चालत गेला. तिचं पोट सुरकुतलंय. माझंच काही चुकतंय का? तुझ्याकडच्या अशा करतात तेव्हा तू काय करतेस? बाबांना विचारलं तर ते उठून बाहेर गेले.

लवकर लिही. तुझीच मालिया

स्कुऊन, १३ जुलै

चि. मालियास,

आशीर्वाद द्यायला आज हात उचलत नाही.

तुझं काही चुकलेलं नाही, चुकले मी. मी आपिंग पाळत नाही. मी ते तळते आणि थांब्यावर विकते. तुझ्या बापाला माझी लाज वाटली म्हणून त्यानं खोटं सांगितलं, आणि तुझ्यासमोर मला माझी लाज वाटली म्हणून मी ते चालू दिलं.

टब आला की आमचं पहिलं काम त्यांचे दात मोडायचं. नखाएवढे असतात, चावले तर हात सुजतो. तुझ्या कोलापचेही मी मोडले. तुझ्या बोटाला इजा होऊ नये म्हणून जपून, निगुतीनं मोडले. खाण्यासाठी तिला ते लागतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पोरी, माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही आपिंगला पुन्हा भूक लागलेली नाही.

बिळं खणणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं. आधी तो पोट धरून हसला. मग म्हणाला, कात टाकली की दात नवे येतात, तोवर जगली पाहिजे. रातकिडा मारून, ठेचून, अगदी पातळ करून तिच्या तोंडाखाली ठेव, आणि शेजारी पाणी. जगेलच असं तो म्हणत नाही. दातांची दुसरी पाठवू का, हे विचारायचं मला तोंड नाही.

तुला लिहावंसं वाटलं नाही तर मी समजून घेईन.

थावरी

नॉम पेन्ह, २ ऑगस्ट

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

कोलाप ठेचलेलं खाते. पोट अजून भरलं नाही, पण आता सुरकुतीही दिसत नाही. अजून कात टाकलेली नाही.

तुझं पत्र वाचून मी खूप रडले, आणि मग बाबांशी बोलणं बंद केलं. मी त्यांना म्हणाले की तुम्ही खोटारडे आहात, मला आत्याची कधी लाज वाटणार नाही.

मग सोमवारी मुली कोलापला बघायला आल्या. एकीनं विचारलं, हिला दात कसे नाहीत. मी म्हणाले, पडले. दुसरीनं विचारलं, तुझी आत्या काय करते गं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आत्या, मी म्हणाले, आपिंग पाळते.

बाबा दारात उभे होते. ते रागावले नाहीत. त्यांनी मान खाली घातली, आणि मला ते रागावण्यापेक्षा वाईट वाटलं. आता आम्ही बोलतो, पण हे सोडून.

पितरांच्या सणाला, प्चुम बेनच्या सुट्टीत, मला तुझ्याकडे यायचंय. बाबा सोडतो म्हणाले, आत येतील की नाही माहीत नाही. मला नुसतं घरी बसवून ठेवू नकोस. परात माझ्या डोक्यावर दे आणि नॉम पेन्हची बस येईल तिथे उभी कर. खिडकीत माझ्या वर्गातली कुणी दिसली तर मी फडकं ओढते का, ते मला बघायचंय.

ये म्हणालीस तरच येईन.

तुझी मालिया